कोकणात जंगलातून चालत जाऊन समुद्र गाठता येईल अशी छोटी वाट कोणती?

धरमपेठकर यांचा प्रश्न

नमस्कार.

येत्या जानेवारीत आई-वडिलांना घेऊन कोकणात जाण्याचा विचार आहे. वडील 71 वर्षांचे आहेत आणि त्यांनी आजवर समुद्र पाहिलेला नाही. त्यांची सगळी नोकरी भंडारा, उमरेड आणि शेवटी नागपूर अशी विदर्भातच झाली. कामानिमित्त दोन-तीनदा मुंबईला गेले, पण दादरला उतरून काम आटोपले आणि रात्रीच्या गाडीने परत आले. आता समुद्र दाखवायचाच असे मी मनावर घेतले, तर त्यांचा प्रश्न असा की, "पाण्यापाशी जाऊन दोन दिवस नुसतं बसूनच राहाचं का?"

त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. रोज पहाटे नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवर चार-पाच किलोमीटर चालल्याशिवाय ज्यांचा चहा होत नाही आणि रविवारी गोरेवाड्याच्या बाजूला गेल्याशिवाय ज्यांचा आठवडा संपत नाही, अशा माणसाला वाळूत खुर्ची टाकून बसवणे ही शिक्षाच आहे. बरीच चर्चा झाल्यावर त्यांनी स्वतःच एक अट घातली : झाडीतून चालत जावे, आणि झाडी संपली की समोर समुद्र असावा. गाडीतून उतरल्या उतरल्या दिसणारा समुद्र त्यांना नको आहे.

येथील एका प्रवास कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा त्यांनी उत्साहाने "जंगल आणि सागर" अशी सहल पुढे केली. खोदून विचारल्यावर कळले की जंगल म्हणजे हॉटेलच्या मागचे सुरूचे बन आणि चालणे म्हणजे त्यातून समुद्रापर्यंतची दोनशे पावले.

चालणे दोन ते अडीच तासांत पूर्ण व्हावे. वडिलांची प्रकृती उत्तम आहे, मात्र आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती पायऱ्या चढणार नाही. तिला सोबत असावे, पण चालण्याची सक्ती नसावी. मुंबईपर्यंत रेल्वेने आणि पुढे भाड्याच्या गाडीने जाणार आहोत. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काळापाषाण यांचे उत्तर

मी मूळचा नागपुरातल्या महालचा, पण नोकरीची सहा वर्षे अलिबागला काढली आहेत. माझे उत्तर एका शब्दात द्यायचे तर कनकेश्वर.

अलिबाग तालुक्यात मापगाव नावाचे गाव आहे. तिथून कनकेश्वरच्या डोंगरावर दगडी पायऱ्यांची वाट जाते. पायऱ्या 700 हून अधिक आहेत आणि त्या 1764 मध्ये रघोजी आंग्रे यांच्या दिवाणाने बांधवल्या. डोंगराची उंची सुमारे 1200 फूट असून पायथा जवळजवळ समुद्रसपाटीलाच असल्यामुळे ही सगळी उंची स्वतःच्या पायांनी चढावी लागते. आपल्या वडिलांना अंदाज यावा म्हणून सांगतो की हा चढ रामटेकच्या दुपटीहून अधिक आहे. वाट मात्र बहुतेक झाडीतूनच जाते. वाटेत नागोबाचा टप्पा, देवाची पायरी असे ठरलेले थांबे आहेत, आणि पूर्वीच्या लोकांनी ते बरोबर दम लागतो त्याच ठिकाणी नेमले आहेत याची खात्री चढताना पटते. वर शंकराचे देऊळ आणि त्यासमोर पुष्करिणी आहे. चढायला दीड तास आणि उतरायला पाऊण तास धरावा.

पायरी म्हटल्यावर डोळ्यांसमोर जी घाटदार, एकसारखी पायरी येते, ती इथे नाही. हे लांब-रुंद, ओबडधोबड काळे दगड आहेत. अडीचशे वर्षांच्या पावलांनी काहींचा मधला भाग गुळगुळीत होऊन खोलगट झाला आहे आणि पावसाळ्यानंतर बराच काळ त्या खोलगट भागात ओल राहते. चढताना त्याचे काही वाटत नाही. उतरताना पाय नेमका त्याच ठिकाणी पडतो, म्हणून कडेकडेने उतरावे.

अलिबागच्या भूगोलाविषयी एक विषयांतर केल्याशिवाय राहवत नाही. सेमिनरी हिल्सचा दगड आणि कनकेश्वरचा दगड एकच आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून दख्खनचा जो काळा पाषाण तयार झाला, त्याचे पूर्वेकडचे टोक नागपूरजवळ येऊन संपते आणि पश्चिमेकडचे टोक कोकणात समुद्रात उतरते. रामटेकचा डोंगर मात्र या जातीचा नाही, तो फार जुन्या खडकांचा आहे. आपले वडील रोज ज्या दगडावर चालतात, त्याच दगडावर उभे राहून ते समुद्र पाहतील.

आईंना मापगावात किंवा अलिबागच्या मुक्कामी थांबता येईल. मुंबईहून जाताना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट मिळते. वडिलांना समुद्राची पहिली ओळख बोटीवरून झाली तर तीही वाईट नाही.

सावित्रीकाठ यांचे उत्तर

वरील उत्तर उत्तम आहे, पण ते प्रश्नाचे उत्तर नाही, असे नम्रपणे नमूद करतो. कनकेश्वराच्या वाटेवरून समुद्र दिसतो, तो दूर खाली आणि हवा स्वच्छ असेल तर. वडिलांची अट "झाडी संपली की समोर समुद्र" अशी आहे.

मी श्रीवर्धन तालुक्यातला, गेली वीस वर्षे नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात राहतो. आमच्याकडच्या हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ही नेमकी अशी वाट आहे. सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते, त्या मुखाशी हे गाव आहे. खाडीपलीकडे बाणकोटचा किल्ला दिसतो. रिवाज असा की आधी कालभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे, आणि पुन्हा कालभैरवाचे. त्यानंतर देवळामागून पायऱ्या सुरू होतात. त्या टेकडीवर चढतात, वरच्या झाडीतून वाट थोडी पुढे जाते आणि मग दोन कड्यांच्या मधल्या अरुंद घळीतून तीव्र उताराच्या पायऱ्या थेट खाली नेतात. त्या घळीत असताना समुद्राचा आवाज आधी येतो. दोन्ही बाजूंना दगडाची भिंत असल्यामुळे तो नक्की कुठून येतो हे कळत नाही, आणि शेवटच्या वळणाला एकदम सगळे पाणी समोर उभे राहते. तिथून पुढे टेकडीच्या पायथ्याने, लाटांनी कोरलेल्या खडकांवरून चालत देवळाकडे परत यायचे. सगळे मिळून तासाभराचे चालणे आहे. रमतगमत गेल्यास दीड तास.

हे खडक बघण्यासारखे आहेत. मधमाशांच्या पोळ्यासारखी त्यांना भोके पडलेली असतात, काही बोट जाईल एवढी, काही मूठ जाईल एवढी. खाऱ्या पाण्याचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, उन्हाने पाणी उडून जाते, आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि ते वाढताना दगडाचा कण न् कण सैल करतात. लहानपणी आम्हाला वाटायचे की हे खेकड्यांनी पोखरले आहे.

पण आता सर्वांत महत्त्वाचे. प्रदक्षिणेचा खालचा भाग फक्त ओहोटीला चालण्याजोगा असतो. भरतीच्या वेळी लाटा थेट कड्यावर आपटतात आणि परतीची वाट राहत नाही. तिथे माणसे वाहून गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. मी स्वतः महाविद्यालयात असताना, गावचाच असल्याच्या घमेंडीत, भरती सुरू झाल्यावर खाली उतरलो होतो. अर्ध्या वाटेवर एक लाट गुडघ्यापर्यंत आली आणि परत जाताना पायाखालची चप्पल आणि माझी घमेंड दोन्ही घेऊन गेली. हात त्या भोकांमध्ये रुतवून उभा राहिलो, पुढची लाट ओसरल्यावर मागे धावलो आणि पायऱ्या गाठल्या. घरी चप्पल कुठे गेली हे वडिलांनी विचारले नाही. त्यांना कळले होते.

गोरेवाडा पक्षीमित्र यांचे उत्तर

दोन्ही वाटा मी चाललो आहे. हरिहरेश्वरच्या टेकडीवरच्या झाडीला "जंगल" म्हणायचे की नाही, हा प्रश्न आपण नागपूरकरांनी तरी विचारला पाहिजे. पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला शेजारी असणाऱ्या माणसाला ती फार तर राई वाटेल.

खरे जंगल हवे असेल तर मुरूड आणि रोहा यांच्या मधले फणसाड अभयारण्य पाहावे. जंजिऱ्याच्या नवाबांचे ते शिकारीचे राखीव रान होते. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले. सुपेगावहून आत जावे लागते आणि स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. तिथल्या नैसर्गिक पाणवठ्यांना "गाण" म्हणतात. नशीब असेल तर राज्यप्राणी शेकरू उंच फांदीवरून उडी घेताना दिसतो. समुद्र मात्र तिथून पायी गाठता येत नाही, तो परतताना मुरूडच्या रस्त्याला भेटतो. त्यामुळे वडिलांच्या अटीत हेही बसत नाही, हे मान्य.

जंगलाविषयी वडिलांना आधीच सांगून ठेवण्यासारखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण 1100 मिलिमीटर पाऊस पडतो, कोकण किनाऱ्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट. आपले सागाचे रान फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडे पडते आणि लांबवर नजर जाते. डोळ्यांना तीच सवय असते. कोकणातल्या झाडीत दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. तिथे ऐनाचे झाड ओळखीचे भेटेल, पण त्याच्या शेजारी किंजळ, अंजनी आणि झाडांवर दोरखंडासारखी चढलेली गारंबीची वेल असेल. पक्षी दिसण्याआधी ऐकू येतात. पहिल्या भेटीत मला तर नुसते कोंदटल्यासारखे झाले होते. तिसऱ्या भेटीत कुठे त्या झाडीत बघायचे कसे हे उमगले.

जानेवारीत दोन गोष्टींपासून सावध राहावे. एक म्हणजे खाजकुइली, जिला आपल्याकडे काचकुरी म्हणतात. तिच्या शेंगा त्या सुमारास वाळतात आणि वाऱ्यावर त्यांची खाज आणणारी कूस उडते. दुसरी म्हणजे ओंबील. पाने जोडून शिवलेले फुटबॉलएवढे हिरवे घरटे फांदीला दिसले की त्या फांदीला धरून तोल सावरायचा नाही. या तांबड्या मुंग्या एकेकट्या चावत नाहीत.

धरमपेठकर

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. वडिलांना तिन्ही उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. कनकेश्वराच्या दगडाची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली, पण कौल हरिहरेश्वरला दिला, कारण विचारले तर म्हणाले, "आवाज आधी येतो म्हणतात ना." राई आणि जंगल या वादात ते पडायला तयार नाहीत.

माझी अडचण ओहोटीची आहे. आमच्यापैकी कोणीही समुद्राकाठी राहिलेले नाही. ओहोटी केव्हा असेल हे आधीच, म्हणजे रेल्वेचे आरक्षण करण्यापूर्वी, कसे कळेल? तारीख निवडून तिकीट काढले आणि तिथे पोहोचल्यावर ओहोटी पहाटे किंवा भर दुपारी निघाली, तर सगळेच मुसळ केरात.

सावित्रीकाठ

याचे उत्तर आपल्या घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आहे. त्यासाठी तारखेकडे नव्हे, तिथीकडे पाहायचे.

आमच्याकडे कोळी लोकांचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, तेवढे वाजता पूर्ण भरती. तिथी शुद्ध पक्षातली असो की वद्य, हिशेब तोच. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे अष्टमीला ती दुपारी सव्वाबाराला. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि तिथीगणिक पाऊण तास हा त्याचाच ढोबळ हिशेब आहे.

आता यातून दिवस निवडायचा कसा, तर ओहोटीची वेळ एवढेच पाहून भागत नाही, ती किती खोल जाते हेही पाहावे लागते. अमावास्या आणि पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, त्यामुळे भरती मोठी, त्याला उधाण म्हणतात, आणि ओहोटीही तेवढीच दूरवर जाते. अष्टमीच्या आसपास भांग असते. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. आपल्याला खडक मोकळे हवेत, म्हणजे उधाणाच्या जवळचा दिवस हवा. पण खुद्द पौर्णिमेला ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते, म्हणजे एकदा अंधारात आणि एकदा अंधार पडण्याच्या बेताला. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यानंतरची तृतीया ते पंचमी घ्यावी. चतुर्थीचे उदाहरण घेतले तर चाराची पाऊणपट तीन. भरती पहाटे तीनला, ओहोटी सव्वानवाला. सकाळी आठला देवदर्शन करून निघालात की साडेआठच्या सुमारास घळीतून खाली उतराल. पाणी तेव्हाही मागे हटत असेल, ऊन डोक्यावर आलेले नसेल आणि परतायला हाताशी भरपूर वेळ असेल.

हा हिशेब दिवस ठरवण्यापुरताच वापरावा. त्यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक सहज असते. प्रत्यक्ष उतरण्याआधी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहावे आणि देवळापाशी दुकान मांडून बसलेल्या कोणालाही विचारावे. ते "आता नका जाऊ" म्हणाले तर कोष्टक काहीही सांगत असो, जाऊ नये. आणि एक नियम पाळावा : पाणी मागे हटत असतानाच निघायचे, पुढे येऊ लागल्यावर कधीही नाही.

काळापाषाण

हरिहरेश्वरला माझी हरकत नाही. प्रश्न नीट न वाचता आवडीची जागा सुचवली, हा आरोपही मान्य. फक्त एक सावधगिरी सुचवतो. नागपूरचे आपण लोक उन्हाला भीत नाही, आणि तीच चूक ठरते. आपल्याकडे बेचाळीस अंशांत घाम आला की लगेच वाळतो व अंग थंड होते. कोकणात तीस-बत्तीस अंशांतही हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळतच नाही, अंगावरून नुसता वाहतो आणि आतली उष्णता आतच राहते. जानेवारीत त्रास कमी असतो, तरी नागपूरच्या दहा अंशांच्या पहाटेतून स्वेटर घालून निघालेला माणूस तिथे पहिल्या दिवशी लवकर थकतो. सेमिनरी हिल्सचे पाच किलोमीटर आणि तिथला एक तास यांची तुलना करू नये. पोहोचल्याच्या दिवशी चालू नये, दुसऱ्या दिवशी सकाळी चालावे. पाण्यात चिमूटभर मीठ-साखर किंवा कोकम सरबत सोबत ठेवावे.

गोरेवाडा पक्षीमित्र

सुरूच्या बनाविषयी एक वाक्य राहून गेले. त्या प्रवास कंपनीने ज्याला जंगल म्हटले, ते झाड मुळात इथले नाहीच. किनाऱ्याची वाळू धरून ठेवावी म्हणून बाहेरून आणून लावलेले आहे. त्याच्याखाली दुसरे फारसे काही उगवत नाही. वारा सुटला की त्याचा आवाज मात्र सुरेख येतो, हे कबूल करावे लागेल.

धरमपेठकर

दिनदर्शिका खाली उतरवून वडील आणि मी काल रात्री हिशेब मांडला. पौष पौर्णिमेनंतरची वद्य चतुर्थी धरली आहे. आईने लगेच निदर्शनास आणून दिले की ती संकष्टी आहे आणि तिचा उपास असतो. मग सर्वानुमते वद्य तृतीया ठरली. तिनाची पाऊणपट सव्वादोन, ओहोटी साडेआठला. अर्धा-पाऊण तास कमी-जास्त होईल हे लक्षात ठेवून साडेसातला देवदर्शन करू. मुक्कामी आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचत आहोत. वाटेत वडिलांना समुद्र दिसू नये म्हणून त्यांना गाडीत कोणत्या बाजूला बसवावे, हा नवाच प्रश्न आता धाकट्या बहिणीने काढला आहे.

शेवटच्या दोन शंका. आई देवळाजवळ दीड तास बसू शकेल अशी जागा आहे का? आणि वडील रोज कॅनव्हासचे बूट घालून फिरतात, ते चालतील का?

सावित्रीकाठ

आईंची काळजी नको. देवळाच्या परिसरात सावलीला बसता येते आणि प्रदक्षिणेची वाट फिरून तिथेच परत येत असल्यामुळे त्यांना कुठे यावे-जावे लागणार नाही. शक्य असल्यास संध्याकाळी त्यांना देवळाजवळच्या किनाऱ्यावर घेऊन जा. तिथे सपाट वाळू आहे.

कॅनव्हासचे बूट चालतील, पण तळवा झिजलेला नसावा. नवे घेणार असाल तर आजच घेऊन महिनाभर सेमिनरी हिल्सवर वापरावेत. खाली उतरल्यावर काळा, कोरडा खडक असेल तिथेच पाय टाकावा. हिरवी झाक दिसली की ते शेवाळ. ते वरून कोरडे दिसले तरी घसरते. भोकाभोकांचा खडक पायाला पकड देतो, पण पडल्यास हात सोलून काढतो, म्हणून वडिलांच्या हातात काठी द्यावी आणि आपण त्यांच्या समुद्राकडच्या बाजूने चालावे.

गाडीतल्या जागेचे म्हणाल तर श्रीवर्धनहून येताना समुद्र उजव्या हाताला असतो. वडिलांना डावीकडे बसवा आणि मध्ये बहिणीला बसवा.